सापाची पेटी गरम ठेवायची कशी, आणि कोकणात तिची गार बाजू वाचवायची कशी

माझ्याकडे बॉल पायथन आहे, म्हणजे आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर. घर गुहागरच्या बाजूला, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, समुद्र चालत दहा मिनिटांवर. पेटी आणली त्या दिवशी आई म्हणाली, "इथे माणसं उकडून मरतायत आणि तू सापाला हीटर लावतोयस होय रे?" तेव्हा हसलो, पण पहिल्याच मे महिन्यात कळलं की तिचं अर्धं म्हणणं बरोबर होतं. उरलेलं अर्धं जानेवारीत पहाटे कळतं.

भानगड अशी की आपण सगळे परदेशी व्हिडिओ बघून शिकतो. ती माणसं १८-२० डिग्रीच्या खोलीत बसून पेटी तापवत असतात. त्यांना गरम बाजू ३२ करायची तर १२-१४ डिग्री चढवाव्या लागतात, गार बाजू आपोआप गार राहते, तिचा विचारसुद्धा करावा लागत नाही. आपल्याकडे खोलीच वर्षातले आठ महिने २७ च्या पुढे. म्हणजे इथे एक कोपरा तापवणं पोरखेळ आहे, खरं काम आहे ते दुसरा कोपरा त्या उष्णतेपासून वाचवायचं. पुढे जे काही लिहिलंय ते याच एका गोष्टीभोवती फिरतं.

साप आपल्यासारखी अंगात ऊब तयार करत नाही. खाल्लं की गरम जागी जाऊन पचवतो, पुरे झालं की गार जागी सरकतो, दिवसभर हीच ये-जा. गरम जागा नसेल तर पोटातलं भक्ष्य पचण्याआधी कुजायला लागतं आणि तो उलटी करतो. गार जागा नसेल तर त्याला पळायलाच जागा नाही, आणि थंडीने साप जितका हळू बिघडतो त्याच्या कितीतरी पट लवकर उष्णतेने मरतो. म्हणून पेटीत एक तापमान नको, दोन टोकं हवीत.

पुढे जायच्या आधी कायद्याचं बघून घ्या. आपल्या इथला कुठलाही साप, मग तो नाग असो, धामण असो, अजगर असो की मांडूळ, घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. विहिरीजवळ सापडलं छोटं पिल्लू म्हणून ठेवलं, हे चालत नाही. मी बोलतोय ते बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक अशा बाहेरदेशी सापांबद्दल. बॉल पायथन साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत येतो, त्यामुळे कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद नसलेला साप कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

आधी खोली मोजा, पेटीचं नंतर

हे काम कुणीच करत नाही, मीही केलं नव्हतं. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, किमान-कमाल लक्षात ठेवणारा मिळतो, पेटी जिथे ठेवायची तिथेच, त्याच उंचीवर सात दिवस ठेवा. रोजचा सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा कॅलेंडरवर लिहा. कमी आकडा पहाटे पाचच्या सुमारास मिळतो आणि जास्त दुपारी दोन-तीनला, पण कौलारू घरात माळ्याखाली कधीकधी संध्याकाळी चारलाही, कारण कौलं तापलेली असतात आणि ती उष्णता हळूहळू खाली उतरते.

उंचीचा फरक बघायचा असेल तर एक थर्मामीटर जमिनीजवळ आणि एक कपाटावर ठेवून बघा. माझ्याकडे मे महिन्यात दुपारी दोन्हीत तीन डिग्रीचा फरक येतो. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर तर बोलूच नका.

किनाऱ्यावर आणि वरच्या अंगाला हवा सारखी नसते हेही लक्षात घ्या. समुद्राजवळ थंडीत पहाटे १८-१९ च्या खाली सहसा जात नाही. माझा एक मित्र दापोलीकडे राहतो, त्याच्याकडे कॉर्न स्नेक आहे, तिथे जानेवारीत पारा बराच खाली जातो, आंबेवाले मोहोर येणार म्हणून खूश असतात आणि हा पेटीवर गोधडी टाकत असतो. त्याचा सेटअप तसाच्या तसा मी केला तर माझा साप शिजेल, माझा त्याने केला तर त्याचा गारठेल. म्हणून आकडे दुसऱ्याचे घेऊ नका, स्वतःच्या खोलीचे घ्या.

आता हवं काय ते. बॉल पायथनला गरम बाजूच्या लपणात ३१-३२ डिग्री, गार बाजूला २५ ते २७, आणि रात्री कुठेही २४ च्या खाली नको. कॉर्न स्नेकला गरम बाजू २९-३०, गार बाजू २३ ते २५, रात्री २१ पर्यंत उतरलं तरी तो काही म्हणत नाही. खोलीचा कमीत कमी आकडा यातून वजा केला की तुम्हाला किती डिग्री चढवायच्यात ते कळतं. माझ्याकडे थंडीत ३२ वजा २० म्हणजे १२. पावसात ३२ वजा २६ म्हणजे सहा. मे मध्ये दुपारी शून्य.

पेटी कशाची, कुठे

मोठ्या बॉल पायथनला चार फूट बाय दोन फूट जमीन असलेली पेटी द्या. लहान पेटीत दोन टोकं वेगळी राहतच नाहीत, इकडची उष्णता तिकडे पोचते, आणि आपल्या हवेत तर नक्कीच. लांबी हीच इथे मुख्य. कोकणात मी म्हणेन परदेशातल्यापेक्षा अर्धा फूट जास्तच घ्या, परवडत असेल तर.

काचेची पेटी थंडीत लवकर गार पडते, पण बाकी वर्षभर आपल्याला ती सोयीचीच पडते. लाकडी पेटी ऊब धरून ठेवते, मात्र साधा प्लाय दोन पावसाळ्यांत फुगतो, कडा सुटतात, आणि वाळवीला आमंत्रण. सुताराकडून करून घेणार असाल तर मरीन प्लाय किंवा पीव्हीसी फोम बोर्ड घ्या, दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या ठेवा, एक गरम बाजूला वर आणि एक गार बाजूला खाली, म्हणजे हवा खेळती राहते.

जागा माजघरात बघा. जुन्या घरात माजघर हे सगळ्यात कमी हलणारं तापमान, ऊन येत नाही, बाहेरची भिंत लागत नाही. पडवीत किंवा ओटीवर ठेवू नका, पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून तर अजिबात नको, जांभा दुपारभर तापतो आणि रात्री नऊपर्यंत ऊब सोडत राहतो. खिडकीतून थेट ऊन काचेवर आलं तर अर्ध्या तासात पेटी भट्टी होते. जमिनीवर थेट न ठेवता फूटभर उंच स्टँडवर ठेवा, एकतर थंडीत लादी गार, दुसरं म्हणजे मुंग्या. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, आजी लोणच्याच्या बरणीला करायची तसं.

पेटीत लपायच्या जागा दोन हव्यातच, एक गरम बाजूला एक गार बाजूला, दोन्ही साधारण सारख्या आणि अंगाला घट्ट बसणाऱ्या. एकच असेल तर बॉल पायथन तापमान गेलं उडत म्हणतो आणि लपणातच बसून राहतो, मग ते गरम असो की गार. हा साप मुळात भित्रा आहे, लपायला मिळतंय की नाही हे तो आधी बघतो.

उष्णता कशाने द्यायची

हीट मॅट म्हणजे पेटीच्या खाली बाहेरून लावायची पातळ चादर. स्वस्त, कमी वीज, आणि आपल्याकडे किनाऱ्यावर बऱ्याच जणांना वर्षभर तेवढीच पुरते, कारण खोलीची हवा आधीच उबदार असते, फक्त पोटाखाली ऊब लागते. जमिनीचा एक तृतीयांश भाग झाकेल एवढीच घ्या. अर्ध्याहून जास्त झाकलात तर गार बाजू गेली.

मॅटवर बिछाना किती घालायचा हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. आंब्याची अढी आठवा. पेंढ्यात दाबून ठेवलेल्या आंब्यांत हात घातला की आत केवढी ऊब लागते, वरून मात्र काही कळत नाही. मॅटवर चार बोटं कोकोपीट घातलंत की तेच होतं, वर थर्मामीटर २८ दाखवतो आणि खाली काच ४२ ला गेलेली असते, आणि सापाची सवय असते बिछाना उकरून तळाशी जायची. म्हणून मॅटवर अर्धा-पाऊण इंचाच्या वर बिछाना नको. गार बाजूला हवा तेवढा जाड घाला. बिछान्याला नारळाच्या सोडणाचा भुगा आपल्याकडे फुकट मिळतो, पण तो धुऊन, कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवूनच घ्या, वाडीतल्या फवारणीचा असेल तर घेऊच नका.

सिरॅमिक हीट एमिटर म्हणजे उजेड न देणारा, फक्त तापणारा सिरॅमिकचा बल्ब. हा पेटीतली हवा तापवतो, त्यामुळे दापोली-मंडणगडच्या वरच्या भागात किंवा थंडीत रात्री २० च्या खाली जाणाऱ्या घरात मॅटच्या जोडीला लागतो. परदेशी लोक चार फुटी पेटीला १०० किंवा १५० वॅट सांगतात. त्यांना १४ डिग्री चढवायच्या असतात, किनाऱ्यावर आपल्याला सहा ते बारा, आणि लागणारी उष्णता फरकाच्या प्रमाणातच लागते, त्यामुळे मॅटच्या जोडीला ६० वॅट इथे पुरतो, १०० चा घेतला तर तो सारखा चालू-बंद होत राहतो आणि लवकर जातो. होल्डर पोर्सेलिनचाच हवा, प्लास्टिकचा वितळतो, कारण याचा पृष्ठभाग २०० डिग्रीच्या वर जातो. आणि भोवती लोखंडी जाळीचा पिंजरा, न चुकता. साप बल्बला वेटोळं घालतो, त्याला अंग भाजतंय हे वेळेत कळत नाही.

हॅलोजन स्पॉट दिवसा छान, उन्हासारखी वरून ऊब देतो, पण रात्री बंद करावा लागतो आणि त्याला वेगळा डिमिंग थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून वीज कमी-जास्त करणारा डबा लागतो. किनाऱ्यावर मला त्याची गरज कधी पडली नाही.

नको त्या गोष्टी म्हणजे हीट रॉक (विजेवर तापणारा नकली दगड), लाल-निळे रात्रीचे बल्ब, पेटीच्या आत उघडा बल्ब, आणि आपला दुखऱ्या कमरेचा हीटिंग पॅड. शेवटचा बरेच जण वापरतात कारण घरात असतो. तो आपोआप बंद होतो किंवा कापसाच्या आत कुठेतरी एकाच जागी भयंकर तापतो.

अजून एक, अमेरिकेहून कुणी मामा-काका आणून देतात ती उपकरणं ११० ते १२० व्होल्टची असतात. आपल्या २३० वर लावली तर पावर जवळपास चौपट होते आणि मॅट धूर सोडते. मागचं लेबल वाचल्याशिवाय प्लग घालू नका. आपल्या गावातलं व्होल्टेजही काही २३० वर बसून नसतं. पावर व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, म्हणजे रात्री १२ नंतर व्होल्टेज २५० ला गेलं तर तोच बल्ब १८ टक्के जास्त तापतो, आणि संध्याकाळी सगळ्यांचे पंप चालू असताना १९० ला आलं तर ३२ टक्के कमी तापतो. थर्मोस्टॅटशिवाय कुठलंही सेटिंग इथे टिकत नाही ते याच्यामुळे.

थर्मोस्टॅट आणि तो तारेच्या टोकाचा मणी

पैसे कमी असतील तर पेटी साधी घ्या, थर्मोस्टॅट चांगला घ्या. मॅटला आणि सिरॅमिकला साधा ऑन-ऑफ चालतो. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचे खास तयार थर्मोस्टॅट मिळतात. आपल्याकडे बरेच जण एसटीसी-१००० हा छोटा कंट्रोलर वापरतात, स्वस्त आहे आणि एका अर्थी कोकणासाठीच बनवल्यासारखा आहे, कारण त्यात तापवायचा आणि गार करायचा असे दोन वेगळे रिले, म्हणजे आतले स्विच असतात. एकावर मॅट, दुसऱ्यावर छोटा पंखा, म्हणजे जानेवारी आणि मे दोन्ही एकाच डब्यात. पण तो उघडा येतो, मागे २३० व्होल्टचे स्क्रू हाताला लागतात, तेव्हा घेताना २३० चाच बघा आणि वायरमनकडून बंद डब्यात बसवून घ्या, स्वतः कलाकारी नको. त्यात एफ-१ म्हणजे हवं ते तापमान, एफ-२ म्हणजे किती खाली-वर झालं की चालू व्हायचं तो फरक, तो ०.५ वर ठेवा. एफ-४ ने सेन्सरची चूक दुरुस्त करता येते, चांगल्या थर्मामीटरशेजारी तासभर ठेवून दोन्ही आकडे जुळवून घ्या.

थर्मोस्टॅट बिचारा आंधळा असतो, त्याला फक्त तो प्रोब, म्हणजे तारेच्या टोकाचा मणी जिथे आहे तिथलं कळतं. माझी चूक सांगतो. पहिल्या पावसात प्रोब मी साध्या चिकटपट्टीने मॅटवर काचेला चिकटवला होता. जुलैतली झड, चार दिवस सगळं दमट, पट्टी सुटली आणि प्रोब घसरून पाण्याच्या भांड्याशेजारी पडला. तिथे २६. थर्मोस्टॅटला वाटलं थंडी आहे, मॅट रात्रभर चालू. सकाळी तळाच्या काचेवर इन्फ्रारेड गन (लांबूनच पृष्ठभागाचं तापमान दाखवणारा थर्मामीटर) मारली तर ४६. साप गार बाजूला भांड्याला वळसा घालून बसला होता म्हणून वाचला, पोटावर दोन बोटं लांबीचा लालसर पट्टा पडला, तो जायला दोन काती लागल्या.

त्यानंतर मी प्रोब मॅट आणि काच यांच्यामध्ये, पेटीच्या बाहेरून बसवतो, ॲल्युमिनियम टेपने, आणि तारेला दोन ठिकाणी क्लिप. बाहेर बसवला की साप ओढत नाही, त्यावर मुतत नाही, तो भांड्यात पडत नाही. फक्त मग आतल्या जमिनीचं तापमान मॅटच्या तापमानापेक्षा दोन-तीन डिग्री कमी असतं, तो फरक मोजून सेटिंग तेवढं वर ठेवा. सिरॅमिकचा प्रोब मात्र आत, गरम लपणाच्या छपराजवळ, जाळीला बांधून.

रिलेचे संपर्क कधीतरी चिकटतात आणि मग डिस्प्ले काहीही दाखवो, वीज चालूच राहते. म्हणून आता दोन थर्मोस्टॅट एकामागे एक लावलेत, आतल्या जमिनीच्या हिशोबाने पहिला ३२ ला बंद होतो, तो फसला तर दुसरा ३५ ला तोडतो. दुसरा अगदी स्वस्तातला असला तरी चालतो, त्याला रोज काम करायचं नाहीये.

वायरिंग, थोडक्यात पण न टाळता

या सर्किटला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच लाईट तोडणारा स्विच हवा आणि अर्थिंग खरं हवं, बोर्डावर नुसतं तिसरं भोक नको. पाणी, वीज आणि घाईघाईत भांडं भरणारा माणूस एकत्र येतो तिथे हे लागतंच. वायर बोर्डात जाण्याआधी खाली एक झोळ देऊन वर न्या म्हणजे पाणी ओघळलं तर झोळातून ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर लोळत नको.

समुद्राजवळच्या घरात खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवट थर चढतो, स्क्रू गंजतात, संपर्क ढिला झाला की तिथेच ठिणगी. गणपतीच्या आधी आणि होळीच्या आधी असं वर्षातून दोनदा मेन बंद करून सगळे प्लग काढून बघतो. एकदा बोर्डात पाल निघाली होती, जळून कोळसा झालेली.

साप न ठेवता चार दिवस चालवा

सगळं बसवलं की रिकामी पेटी चार दिवस चालू ठेवा. साप येईपर्यंत धीर धरवत नाही हे मला माहीत आहे, तरी धरा. इन्फ्रारेड गनने गरम लपणाची जमीन, मधली जागा, गार लपणाची जमीन अशा तीन जागा पहाटे, दुपारी, रात्री मोजा. गन चकचकीत धातूवर चुकीचं दाखवते, टेपवर किंवा ॲल्युमिनियमवर मारू नका. गोल काट्याचे चिकटवायचे थर्मामीटर घेऊ नका, ते सजावटीला ठीक.

रिकाम्या पेटीत आकडे जुळले की भांडं, लपणं, बिछाना सगळं टाकून पुन्हा मोजा, बदलतात. गरम लपणात ३४ च्या वर जात असेल तर सेटिंग खाली घ्या. आणि थर्मोस्टॅटचा आकडा खरा मानू नका, गनचा माना.

ऋतू बदलला की

पावसाळ्यात लोक उगाच घाबरतात. बाहेर ९० टक्के आर्द्रता, साप सडेल असं वाटतं. पण हवा तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता आपोआप उतरते. खोलीत २६ डिग्रीला ९० टक्के असेल तर तीच हवा गरम बाजूला ३१ ला गेल्यावर ६७ टक्क्यांच्या आसपास येते, बॉल पायथनला ते अगदी बरोबर. म्हणजे पावसात तुमची मॅट ऊब देतेच आणि पेटी कोरडीही करते. स्प्रे बंद, पाण्याचं भांडं गार बाजूला आणि लहान, जाळ्या उघड्या, दर आठवड्याला बिछाना वरखाली करा, बुरशीचा वास आला की फेकून द्या. गार आणि दमट हे दोन्ही एकत्र आले की श्वासाचा आजार होतो, म्हणून जुलैत हीटिंग बंद करायचं नाही. उकडतंय म्हणून आपण पंखा लावतो आणि पेटीचा प्लग काढतो, तिथेच फसतो. कॉर्न स्नेकला मात्र ४० ते ६० टक्के लागतात, ते पावसात मिळणं कठीण, त्याच्या पेटीला जास्त जाळी आणि कोरडा बिछाना.

नागपंचमी याच दिवसांत येते. शेजारपाजारचे दुधाची वाटी घेऊन येतील. हात जोडून बाहेरच थांबवा, साप दूध पचवत नाही आणि सारखं झाकण उघडून तुमचं तापमान जातं ते वेगळं.

ऑक्टोबरात पाऊस गेला की खरा ताप सुरू होतो, हवा कोंडते, दुपारी ३३-३४ होतं. मॅट दुपारी आपोआप बंद राहते आहे ना तेवढं बघा.

थंडीत पेटीच्या मागच्या आणि बाजूच्या काचेला बाहेरून थर्माकोल लावा, जाळीचा अर्धा भाग झाका, पूर्ण नाही. माझ्याकडे मॅट आणि रात्रीपुरता ६० वॅटचा सिरॅमिक. खर्च म्हणाल तर सिरॅमिक अर्धा वेळच चालू असतो असं धरलं तर दिवसाला पाऊण युनिटही होत नाही, महिन्याला बावीसेक युनिट, आणि तेही दोन-अडीच महिनेच.

आणि मे. इथे सगळं उलटं करावं लागतं. हीटिंग पूर्ण बंद, दुपारी पेटीभर ३३ आणि आता गार बाजू कुठून आणायची. कूलर लावू नका, आपल्या दमट हवेत तो नुसता ओलावा वाढवतो. ओल्या फडक्याचंही तेच, हवा ३३ ला आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर ओलं फडकं २८ च्या खाली जाऊच शकत नाही, नागपुरात जातं, इथे नाही. तरी २८ म्हणजे काही वाईट नाही, गार बाजूच्या काचेला बाहेरून ओला पंचा आणि त्यावर पंखा हे मी करतोच. त्याशिवाय पाण्याच्या दोन बाटल्या फ्रीजरमध्ये आलटून पालटून, टॉवेलात गुंडाळून गार टोकाच्या वर जाळीवर, आत कधीच नाही. पेटीत गार बाजूला एक जाड शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, सकाळी गार झालेला तो दुपारपर्यंत टिकतो. मोठं भांडं द्या, साप त्यात बसेल. स्टँडवरून काढून जमिनीवर ठेवायची हीच वेळ, मुंग्यांचा बंदोबस्त करून. आतलं तापमान कुठेच ३३ च्या खाली येत नसेल आणि घरात एका खोलीत एसी असेल तर दुपारी बारा ते पाच पेटी तिथे हलवा, २६-२७ वर. आईला मात्र सांगून हलवा.

लाईट गेली तर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ आलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक गावांत खूप दिवस वीज नव्हती. तेव्हा सगळ्यांना वाटलं साप गेले. पण जून होता, खोलीच २७-२८, सापांना हीटिंग नसल्याने काही झालं नाही. वादळं बहुतेक मे-जूनमध्ये किंवा पावसानंतर येतात, उबदार दिवसांत. म्हणून मोठ्या खंडाला फार घाबरू नका. खायला मात्र देऊ नका, पोट रिकामं असेल तर साप २५ डिग्रीला आठवडाभर आरामात राहतो.

थंडीतल्या रात्री लाईट गेली तर गडबड. प्लास्टिकच्या बाटलीत हाताला सोसेल एवढं गरम पाणी, जाड टॉवेलात गुंडाळून गरम लपणाच्या बाहेर टेकवून ठेवा, पेटीवर गोधडी, एक कोपरा हवेला उघडा. दर दोन-तीन तासांनी पाणी बदला. उकळतं पाणी नको, मेणबत्ती नको, कोळशाची शेगडी तर अजिबात नको, बंद खोलीत माणसालाच घातक. इन्व्हर्टर असेल तर १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी अर्धी वापरली तरी साधारण ७०० वॅट-अवर देते, अर्धा वेळ चालणाऱ्या ६० वॅटच्या सिरॅमिकला ती जवळजवळ दिवसभर पुरते, घरातले पंखे त्याच्यावर नसतील तर.

साप काय सांगतो

आकडे बरोबर असूनही सापाकडे बघा. खाल्ल्यानंतर दोन-तीन दिवस गरम बाजूला आणि मग इकडेतिकडे, हे ठीक. सतत गरम लपणातच चिकटून असेल तर गार बाजू जास्तच गार असेल, किंवा गार लपण त्याला मोठं पडत असेल, आधी दुसरं तपासा. सारखा भांड्यात बसतोय किंवा नाक जाळीला घासत काचेवर चढतोय तर उष्णता जास्त, लगेच गन काढा. पण भांड्यात बसणं कधी गोचिडासारख्या बारीक किड्यांमुळेही असतं, पाण्यात काळे ठिपके दिसतात का बघा.

कात तुकड्यातुकड्यांनी निघाली तर गरम बाजू कोरडी पडतेय, हे आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीतच होतं. ओल्या शेवाळाचा किंवा ओल्या सोडणाचा डबा गार आणि गरमच्या मध्ये ठेवा.

श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंड उघडं, नाकाशी फेस, मान वर करून बसणं, यातलं काहीही दिसलं तर गरम बाजू एक डिग्री वाढवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला फोन. सापांना बघणारे व्हेट आपल्या पट्ट्यात फार कमी, बहुतेकांना मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं, म्हणून नंबर आधीच शोधून ठेवा आणि व्हिडिओवर बघतात का तेही विचारून ठेवा. नेताना थर्माकोलच्या डब्यात, भोकं पाडून, साप कापडी पिशवीत, घाटात एसी फार गार करू नका.

उलटी झाली तर त्याला लगेच दुसरा उंदीर देऊ नका. पेटी साफ करा, तीन जागांचं तापमान मोजा, थर्मोस्टॅटचा प्रोब जागेवर आहे का बघा, पाणी ताजं ठेवा आणि किमान दहा ते चौदा दिवस थांबा. मग नेहमीच्या अर्ध्या आकाराचा द्या. पुन्हा झाली तर घरी प्रयोग बंद, सरळ डॉक्टर.